डावं पान भर, उजवं कोरं ठेव

प्रश्न : ताई, मी सतरा वर्षांची आहे. सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या कार्यक्रमातून दहा महिन्यांसाठी परदेशी चालले आहे, यजमान कुटुंबाकडे राहायचं आहे. जो भेटतो तो म्हणतो, 'रोज डायरी लिही.' आजवर माझी एकही डायरी आठव्या दिवसापुढे गेलेली नाही. शिवाय त्या घरात कुणी ती वाचली तर? लिहायची तरी कुठल्या भाषेत? आणि आई आत्ताच म्हणतेय, परत आलीस की मला वाचायला दे. (नाव छापू नये, ही विनंती.)

उत्तर : आठवा दिवस वाचून हसू आलं. तुझ्याच वयाची असताना मीही अशीच गेले होते. माझी डायरी अकराव्या दिवशी थांबली आणि पुढे महिनाभर मी स्वतःला दोष देत बसले. तू रोजचा हट्ट सोडून दे. फक्त पहिले तीन आठवडे लिहिण्यात कंजुषी करू नकोस. नळ उलटा फिरतो, जिन्यातला दिवा आपोआप विझतो, बसमधून उतरताना लोक ड्रायव्हरला काहीतरी पुटपुटतात, हे त्याच दिवसांत डोळ्यांत भरतं. नंतर सवय होते आणि ते दिसेनासं होतं.

माझ्या वहीत तिसऱ्या दिवसाचं एक वाक्य आहे : 'यांना मी नकोशी झालेय.' कारण काय, तर यजमान काकूंनी माझ्या हातात नियमांचा कागद ठेवला होता. आंघोळ किती वेळ, कपडे कोणत्या वारी धुवायचे, रात्री फोन कितीपर्यंत. मला तो अपमान वाटला. चार महिन्यांनी सहज त्यांना विचारलं, तर कळलं की तो कागद माझ्या आधी राहून गेलेल्या मुलीने केलेला होता. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं म्हणून सारखं अवघडायला व्हायचं, तसं पुढच्या मुलीचं होऊ नये म्हणून. हे मी लिहून ठेवलं खरं, पण जागाच नव्हती, समासात मुंगीच्या अक्षरात कोंबलं. म्हणून सांगते, डाव्या पानावर लिही आणि उजवं कोरं सोड. आणि 'काकू रागावल्या' असं लिहिण्याआधी काकूंनी नेमकं काय केलं, ते लिही.

मधल्या महिन्यांत सगळ्याचाच कंटाळा येईल. त्यात तुझं काही चुकलेलं नसेल. स्व्हेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या अभ्यासकाने फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे २०० जणांच्या मुलाखती घेतल्या होत्या. १९५५ साली त्याने मांडलं की सहा महिन्यांहून कमी राहिलेले आणि दीड वर्षाहून जास्त राहिलेले बरे रुळले होते, अडखळले ते मधले. पुढच्या अभ्यासकांनी यावर बरेच आक्षेप घेतले, पण तुझे दहा महिने नेमके त्या मधल्यांत येतात. तेव्हा आठवड्याला चार ओळी पुरेत.

भाषा? मराठीच. पण मराठी म्हणजे कुलूप, असं समजू नकोस. हल्ली फोनचा कॅमेरासुद्धा देवनागरी वाचतो. मालिनोव्स्की हा नावाजलेला मानववंशशास्त्रज्ञ ट्रोब्रिअँड बेटांवर राहत असताना खासगी डायरी लिहायचा, मुख्यतः पोलिश भाषेत. तो १९४२ मध्ये वारला. १९६७ मध्ये ती डायरी इंग्रजीत छापून आली आणि ज्या लोकांमध्ये तो राहिला त्यांच्याबद्दलचे त्यातले तुच्छतेचे उद्गार वाचून वाचक हबकले. तू राग जरूर लिही. पण त्या घरातलं आजारपण, भांडणं, पैसे ही त्यांची गुपितं. ती वहीत उतरवू नकोस. वही बॅगेत ठेव, उशाखाली नको.

आईला आत्ताच, निघण्याआधी, 'डायरी देणार नाही' म्हणून सांग. तिच्यासाठी वेगळी पत्रं लिही. ती रुसेल दोन दिवस.

आणि वही पातळ घे. माझी दोनशे पानी होती. उरलेल्या पानांवर मी पुढे कॉलेजच्या दोन वर्षांच्या नोट्स काढल्या.