बोटीवरचा पहिला हिवाळा

पुणे

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

बर्मिंगहॅममधली भाड्याची खोली सोडून नॅरोबोट, म्हणजे कालव्यावरची लांबट अरुंद घरबोट, घ्यायची आणि बारा महिने कालव्यावरच राहायचं, हे तू ठरवलंस आणि इकडे घरात एकच कल्लोळ उडाला. तू गारठून जाशील, हा तुझ्या आईचा घोर. पारा दहा अंशांवर आला की आपल्या पुण्यात कानटोप्या बाहेर पडतात, त्यामुळे तिचंही चुकत नाही. पण मी त्या कालव्यांवर हिवाळे काढलेत, म्हणून सांगतो, थंडीची फार धास्ती घेऊ नकोस. आत कोळशाची चांगली बंद शेगडी असली की ती जेमतेम सात फूट रुंदीची बोट इतकी तापते की स्वेटर नकोसा होतो. धास्ती घ्यायची ती ओलीची, आणि ऊब टिकावी म्हणून हवा कोंडून घेण्याची.

ओल बाहेरून येते त्याहून जास्त आपणच आत तयार करतो. श्वास, कुकरची वाफ, ओले कपडे, भिजलेले बूट. स्वयंपाकाचा गॅससुद्धा. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. ही वाफ थंड काचेला आणि पोलादी पत्र्याला लागली की तिचे थेंब होतात. श्रावणात आपल्याकडे कपाटामागच्या भिंतीला काळी बुरशी धरते ना, तोच प्रकार तिथे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो. म्हणून गादी थेट फळीवर टाकू नकोस, खाली लाकडी पट्ट्यांची जाळी कर. सकाळी उठलीस की गादी उभी करून खालच्या बाजूवरून हात फिरव. भिंतीकडचा कोपरा हाताला गार आणि चिकट लागला तर ती तशीच शेगडीच्या दिशेने उभी राहू दे, पण खेटून नको. काचा रोज पुसायच्या आणि फडकं बाहेर पिळायचं. भात-वरण झाकण ठेवून शिजव. कपडे मात्र लाँड्रीतच वाळवून आण, यात तडजोड नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दारांच्या खालच्या जाळ्या आणि छतावरचे व्हेंट यांतून जानेवारीत बोचरा वारा येतो. लोक तिथे चिंध्या कोंबतात. तू कधीही कोंबू नकोस. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं गेल्याच्या बातम्या आपण इथे दर थोड्या दिवसांनी वाचतो. बोटीवर मारेकरी तोच, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं आणि माणूस सर्दी-ताप समजून पांघरूण ओढून झोपतो. बाहेर गेल्यावर बरं वाटत असेल तर तो ताप नाही, हे पक्कं लक्षात ठेव. २०१९ पासून बोट सेफ्टी स्कीमच्या, म्हणजे तिथल्या बोटींच्या सुरक्षिततेच्या, तपासणीत राहत्या बोटीवर या वायूचा अलार्म सक्तीचा आहे. झोपायच्या जागी दुसरा लाव आणि दर आठवड्याला बटण दाबून बघ.

शेगडीच्या राखेचंही असंच आहे. वरून करडी, विझलेली दिसते, पण चिमट्याने उकरलीस तर आत लालबुंद निखारा असतो आणि तो हाच वायू सोडत राहतो. राखेची बादली झाकणाची घे, आणि रात्री ती दाराबाहेर गेलीच पाहिजे. शेगडीच्या दाराची दोरीची सील झिजली की लगेच बदल. सरपण वाळलेलंच जाळ. ओल्या लाकडाने धुराडं डांबराने भरतं आणि ऊबही मिळत नाही.

बाकीचं थोडक्यात. गॅसचा सिलिंडर प्रोपेनचाच घे, कारण ब्यूटेन शून्याच्या आसपास वाफ व्हायचंच थांबतं. डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा, सोलरवर विसंबू नकोस, बॅटरी चार्ज करायला इंजिन चालवावं लागेल, आणि शेजारी बोटी असतील तर रात्री आठ ते सकाळी आठ ते बंद ठेवायचं असतं. लिथियम बॅटरी घेतलीस तर शून्याखाली ती चार्ज करायची नाही. कडाका पडणार असं दिसलं की आधीच टाकी भरून घे, काठावरचे नळही गोठतात. टॉयलेटची एक जादा कॅसेट, म्हणजे खालची काढून रिकामी करायची टाकी, जवळ असू दे. सुट्टीत पुण्याला येणार असशील तर पाइपांतलं पाणी काढून नळ उघडे ठेवून ये.

बोट बांधायला स्वतःचा कायमचा धक्का नसेल तर तिथल्या १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका जागी १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. शिवाय कालवे सांभाळणारा कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट हिवाळ्यातच लॉकच्या, म्हणजे बोट वरखाली करणाऱ्या पाण्याच्या दरवाजांच्या, मोठ्या दुरुस्त्या काढतो, तेव्हा पुढचे रस्ते कधी बंद आहेत ते ऑक्टोबरातच बघून ठेव, नाहीतर ऑफिसपासून लांब अडकशील. कालवा गोठला तर ट्रस्टला कळवून जागेवरच थांब. बर्फ फोडत जाऊ नकोस. त्याच्या धारेने आपल्या बोटीचा रंग खरवडतो आणि शेजारच्या फायबरच्या बोटीला भोकही पडू शकतं.

आणि पोहण्याचं. टिळक टँकवर तू कितीही लांब पोहत असलीस तरी तीन-चार अंशांच्या पाण्यात पहिलं मिनिट पोहणं जमत नाही, धापच लागते. पडलीस तर आधी पाठीवर तरंग, श्वास ताब्यात येऊ दे, मग काठाकडे ये. दंव पडलेल्या रात्री बोटीच्या कडेच्या अरुंद पट्टीवरून चालू नकोस, आतूनच जा. एकटी असशील तेव्हा लाइफ जॅकेट घालत जा, कोणी हसलं तरी.

बोट पसंत पडली तरी पैसे देण्याआधी ती पाण्याबाहेर काढून सर्व्हे करून घे. रिपोर्ट आला की मला पाठव. तळाचा पत्रा मूळचा किती मिलिमीटर होता आणि आता किती उरलाय, ते आधी बघू. चारच्या खाली गेला असेल तर विम्याची अडचण येते आणि वेल्डिंगचा खर्च तुझ्या बजेटात बसणार नाही. आईशी मी बोलतो.

तुझा,
काका