120 फूट जाळी आहे, एका बाजूला गोठ्याची भिंत आहे, जास्तीत जास्त जागा कशी मिळेल?

शेळ्यांना मोकळं सोडायला गोठ्याच्या भिंतीला लागून जाळी मारायची आहे आणि सगळे सांगतायत चौरस करा, तर ते बरोबर का, असं तुम्ही विचारलंय. चारही बाजूंनी जाळी लागणार असती तर बरोबरच होतं, 30 बाय 30 म्हणजे 900 स्क्वेअर फूट, चौकोनात याच्यापुढे जाता येत नाही. पण तुमची एक बाजू भिंतीने फुकट दिलीय ना, मग हिशोबच बदलतो. भिंतीपासून 30 फूट बाहेर या आणि भिंतीला समांतर 60 फूट घ्या, 1800 होतात. चौरस केला तर 40 बाय 40, 1600च.

30च का, तर बघा, रुंदी 30 पेक्षा d फूट वाढवली की दोन्ही बाजूंना मिळून 2d जाळी जास्त जाते, लांबी 60 − 2d उरते, आणि (30 + d)(60 − 2d) सोडवलं की 1800 − 2d² येतं. d कमी करा नाहीतर जास्त, वर्ग काही मायनस होत नाही, म्हणजे 1800 मधून वजाच होणार. मला हे फार आवडतं, कॅल्क्युलस न लावता दहावीच्या गणितात काम होतं.

लक्षात ठेवायचं एवढंच की अर्धी जाळी आडवी, अर्धी उभी. बोकड वेगळे ठेवायला मधे पार्टिशन हवं असेल तरी हेच, उभ्या तीन जाळ्यांत मिळून 60, म्हणजे प्रत्येकी 20, आणि आडवी 60, एकूण 1200.

अर्धगोल केला तर 2292 च्या आसपास जागा मिळते हे खरंय, पण त्याला भिंत 76 फुटांच्या वर लागते आणि गोलाईत जाळीला नीट ताण बसत नाही, खांब जवळजवळ रोवावे लागतात, मी तरी नाही करणार.

आधी भिंत मोजा मात्र. 60 पेक्षा कमी भरली, समजा 50, तर पूर्ण 50 वापरा आणि 35 बाहेर या, 1750 मिळतात. आणि गेट 4 फुटांचं वेगळं बसवणार असाल तर ते जाळीत धरा, एकूण 124 होतात, भिंत पुरत असेल तर 31 बाय 62 करा, तेवढ्यानेच 122 स्क्वेअर फूट वाढतात.