बीपीची जोडगोळी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे आहेत. अम्लोडिपिन १० घेऊनही बीपी १५२/९० येतं आणि संध्याकाळी पाऊल इतकं सुजतं की चपलेचा पट्टा रुततो. डॉक्टरांनी ती गोळी बंद करून टेल्मिसार्टन ४० आणि अम्लोडिपिन ५ अशी एकत्र गोळी दिली. अम्लोडिपिन निम्मं केल्यावर बीपी उतरणार कसं?
— एक वाचक, कळवा

उत्तर : शंका रास्त आहे, पण डॉक्टरांचा निर्णय बरोबर आहे. अम्लोडिपिन ५ चं १० केलं म्हणून परिणाम दुप्पट होत नाही, थोडासाच वाढतो. सूज मात्र डोसाबरोबर चढत जाते. हे औषध बारीक धमन्या सैल करतं, पण पलीकडच्या शिरा तेवढ्या सैल होत नाहीत. त्यामुळे मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी घोट्यापाशी झिरपतं. टेल्मिसार्टन शिरांची बाजूही मोकळी करतं, म्हणून सूज ओसरते. या सुजेवर लघवीची गोळी फारशी चालत नाही. २००९ साली ४२ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा दिसलं की एकाच औषधाचा डोस दुप्पट करण्यापेक्षा वेगळ्या गटातलं दुसरं औषध जोडल्याने बीपी सुमारे पाचपट जास्त उतरतं.

चूक होते ती घरी. जुनी स्ट्रिप डब्यात राहते, नवीही सुरू होते आणि पोटात अम्लोडिपिन १५ जातं. नावापुढच्या अक्षरांवर विसंबू नका. एएम म्हणजे बहुधा अम्लोडिपिन, एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड, सीटी म्हणजे क्लोरथॅलिडोन (ही दोन्ही लघवीची औषधं); पण प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत घटक आणि मिलिग्रॅम छापलेले असतात, ते वाचा. मेडिकलवाल्याने 'तेच आहे' म्हणून दुसरं नाव दिलं तर आधी तेच जुळवून पाहा.

पूर्ण परिणाम दिसायला चार आठवडे द्या. दोन ते चार आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा घटक) आणि पोटॅशियम तपासा. क्रिएटिनिन आधीच्यापेक्षा ३० टक्क्यांहून जास्त वाढलं किंवा पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं, तर लगेच डॉक्टरांना सांगा. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं, तेव्हा ते विचारल्याशिवाय वापरू नका. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन परस्पर घेऊ नका. त्याने बीपी चढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

बीपी स्टेशनचा पूल चढून आल्या आल्या मोजू नका. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, दंड हृदयाच्या पातळीला ठेवा आणि एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरी ती १३५/८५ च्या खाली यायला हवी.

प्रश्न : एका गोळीत तीन-चार औषधं येणार, आणि सहा महिन्यांतून एकदा इंजेक्शनही येणार असं वाचलं. थांबावं का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : थांबू नका. तीन औषधांची गोळी आपल्याकडे आधीपासून मिळते : टेल्मिसार्टन, अम्लोडिपिन आणि लघवीवाटे मीठ काढणारं औषध. नवीन आहे ते कमी डोसाचं तत्त्व. अमेरिकेत जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या गोळीत टेल्मिसार्टन, अम्लोडिपिन आणि इंडापामाइड हे लघवीचं औषध आहे. तिची सर्वांत लहान मात्रा १०, १.२५ आणि ०.६२५ मिलिग्रॅम, आणि ती उपचाराच्या सुरुवातीलाच देता येते.

यामागचा पुरावा भक्कम आहे. श्रीलंकेत ७०० रुग्णांच्या चाचणीत साधारण निम्म्यांना तीन औषधांची कमी डोसाची गोळी दिली. सहा महिन्यांनी त्यांतल्या ७० टक्के रुग्णांचं बीपी लक्ष्यापर्यंत आलं, नेहमीचे उपचार घेणाऱ्या बाकीच्यांत ५५ टक्के. हा निष्कर्ष २०१८ मध्ये आला. ऑस्ट्रेलियात चार औषधं प्रत्येकी पाव डोसात देऊन १२ आठवड्यांत वरचं बीपी एका औषधाच्या पूर्ण डोसापेक्षा ६.९ ने जास्त उतरलं. भारतात ३२ केंद्रांवर दोन औषधांच्या तीन वेगळ्या जोड्या तपासल्या. तिन्ही सारख्याच चालल्या. आमच्या मते आपल्या वाचकांसाठी हीच सर्वांत मोलाची माहिती, कारण ती औषधं आजही सहज मिळतात.

म्हणून घरी गोळीचे चार तुकडे करायला मात्र जाऊ नका. तिसरं औषध लघवीचं असेल तर वयस्कर माणसाचं सोडियम घसरू शकतं. गरगरणं, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. पावसाळ्यात जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळी चालू ठेवायची की थांबवायची ते विचारा.

इंजेक्शन म्हणजे झिलेबेसिरान. ते यकृतात बीपी वाढवणाऱ्या साखळीची पहिली कडीच बनू देत नाही. ते अजून चाचण्यांत आहे, तेही रुग्णाच्या चालू गोळ्यांच्या जोडीला. परिणाम महिनोन्महिने टिकतो. हा फायदा, पण अडचणही हीच. शरीरातलं पाणी कमी होऊन बीपी पडलं तर गोळी उद्या बंद करता येते, दिलेलं इंजेक्शन परत काढता येत नाही.

प्रश्न : वय ३१, टेल्मिसार्टनची एकत्र गोळी चालू आहे. मूल हवं आहे.
— एक वाचक, खारघर

उत्तर : प्रयत्न सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा. टेल्मिसार्टनच्या गटाने गर्भाच्या मूत्रपिंडांना इजा होते आणि गर्भजल कमी होतं. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा असे पर्याय आहेत. गोळी स्वतःहून सोडू नका. पाळी चुकली तर त्याच दिवशी कळवा.

प्रश्न : आठवड्याच्या डबीत काढून ठेवलेली एकत्र गोळी चार दिवसांत मऊ, फुगलेली झाली. बनावट आहे का?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : तसं नसावं, तिला दमट हवा लागली आहे. टेल्मिसार्टन पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून गोळीत अल्कली मिसळतात आणि तीच हवेतलं पाणी ओढते. अम्लोडिपिन मात्र अल्कलीजवळ खराब होतं, म्हणून अशा गोळीत दोन थर करतात. कडेने पाहिलं तर बऱ्याचदा दोन रंग दिसतात. फुगलेली गोळी टाकून द्या. अर्धी करून उरलेली ठेवू नका, कापलेल्या बाजूने ती आणखी लवकर ओलावा धरते. डोस कमी हवा असेल तर डॉक्टरांकडून कमी मात्रेची गोळी लिहून घ्या.

डबी वापरायचीच असेल तर स्ट्रिपचा एकेक कप्पा न फोडता कात्रीने कापून डबीत ठेवा. मुदतीची तारीख छापलेला तुकडा वेगळा जपा, कारण कापताना पहिल्यांदा तोच हरवतो.