लेकीचा हट्ट आणि पेशींचे डबे

औसा तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र आलंय. मुलीनं लातूरला राहून दोनदा नीट दिली, नंबर लागला नाही. आता ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘पेशी पिशव्यांतून निरोप धाडतात, मला त्यावर संशोधन करायचंय’ असं म्हणते. वडील विचारतात, हे खरं आहे का, की सरळ बीएडला घालू?

नमस्कार दादा,

लेक खरं बोलतेय. दोन वर्षं तुम्ही तिला रोज एसटीनं डबा धाडला, असं लिहिलंय. पेशीचंही तसंच असतं. ती स्वतःच्याच पातळ पडद्याची बारीकशी पिशवी करते, आत प्रथिनं आणि आरएनए (प्रथिनं कशी बनवायची याच्या चिठ्ठ्या) भरते आणि बाहेर सोडते. डब्यावर नाव लिहावं तशी पिशवीवरही प्रथिनांची खूण असते. ती ओळखणारी पेशी पिशवी आत घेते आणि आतल्या मालाप्रमाणे तिचं वागणं बदलतं. यातल्या एक्सोसोम नावाच्या पिशव्या साधारण 30 ते 150 नॅनोमीटरच्या. केसाच्या जाडीत अशा काहीशे शेजारी शेजारी बसतील.

1983 मध्ये कोवळ्या तांबड्या पेशी नको असलेली प्रथिनं अशा पिशव्यांतून बाहेर टाकताना दिसल्या. त्यामुळे बरीच वर्षं हा पेशीचा केरकचरा समजला गेला. मग 2007 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी उंदराच्या पेशींच्या पिशव्या माणसाच्या पेशींना दिल्या, तर माणसाच्या पेशींत उंदराची प्रथिनं तयार झाली! निरोप पोचला होता, वाचलाही गेला होता. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती. तुमच्या पोरीचंही तसंच झालं असणार. कॅन्सरच्या गाठीही अशा पिशव्या सोडतात, म्हणून रक्त तपासून अशी गाठ ओळखता येईल का यावर आज जगभर काम चाललंय.

आता पोटाचं. एमएस्सीची दोन वर्षं, मग पीएचडीची पाच-सहा. सीएसआयआर नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं भत्ता. पण ती मिळेलच असं नाही, म्हणून आज मी तुम्हाला फक्त एमएस्सीपुरतं ‘हो’ म्हणा असं सांगतो. बीएड वाईट नाही, एमएस्सीनंतरही करता येतं.

तिला मात्र सांगा, एवढ्या एकाच विषयाला चिकटू नको. पेशीशास्त्र, जैवरसायन आणि हाताला यंत्रांची सवय, हे पक्कं असलं की औषध कंपनीतही काम मिळतं. नांदेड आणि संभाजीनगरची विद्यापीठं जवळ आहेत. पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र तिला एकदा बाहेरून तरी दाखवून आणा. कुणी ‘एक्सोसोम फेशियल’चा, म्हणजे या पिशव्यांच्या नावानं चेहरा उजळवण्याचा, महागडा कोर्स गळ्यात मारू लागलं, तर एक रुपयाही देऊ नका.

एमएस्सीच्या प्रवेशासाठी तिला आयआयटी जॅमचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर आणि गॅट-बी, या दोन्ही प्रवेश परीक्षा द्यायला लावा. जॅममध्ये बारावीचं गणितही येतं. नीटच्या नादात तिनं गणित सोडलं असेल, तर या आठवड्यात बारावीची पुस्तकं आणून द्या.