‘नस’ म्हणजेच चेतापेशी का?

प्रश्न असा आहे: नस आणि चेतापेशी एकच का, आणि चेतासंस्थेत आणखी कोणत्या पेशी असतात?

उत्तर: एकच नाही. गोंधळ मुळात ‘नस’ या शब्दाचा आहे. रक्त काढतात तीही आपण नसच म्हणतो, पण ती शीर. तिचा इथे संबंध नाही.

चेतापेशी म्हणजे एक पेशी. तिला पेशीकाय (पेशीचा मुख्य भाग), संदेश घेणाऱ्या फांद्यांसारख्या वृक्षिका आणि संदेश पुढे नेणारा एक लांब अक्षतंतू असतो. कमरेपासून पायाच्या पंजापर्यंत जाणारा अक्षतंतू जवळजवळ 1 मीटर भरतो, आणि तोही एकाच पेशीचा! असे शेकडो-हजारो तंतू एका वेष्टनात बांधले की झाली चेता, म्हणजेच प्रश्नातली ‘नस’, वायरींच्या जुडग्यासारखी. मेंदूतून अशा चेतांच्या 12 जोड्या निघतात, मेरुरज्जूतून 31.

दुसऱ्या प्रकारच्या पेशी म्हणजे ग्लिया. शाळेत यांना एका ओळीत उरकतात, ते मला पटत नाही. चेतापेशींचं पोषण, साफसफाई, संरक्षण ही कामं त्यांचीच. काही ग्लिया अक्षतंतूभोवती मायलिनचं चरबीयुक्त आवरण गुंडाळतात, त्यामुळे संदेश फार वेगाने धावतो. मायलिन असलेल्या जाड तंतूत तो सेकंदाला 100 मीटरच्या वर जाऊ शकतो, तर मायलिन नसलेल्या बारीक तंतूत साधारण 1 मीटरच. म्हणूनच पायाचं बोट चौकटीवर आपटलं की धक्का लगेच कळतो, आणि ती ठसठसणारी कळ क्षणभराने येते.