स्टॉलवर उभी राहशील तेव्हा

चि. बाय, अनेक आशीर्वाद.

यंदा पुण्यातला हापूसचा स्टॉल तू सांभाळणार, असं कळलं. आंबा ओळखायला तुला कुणी शिकवायला नको. अडशील ती गिऱ्हाइकाच्या प्रश्नांपाशी, आणि त्यांची उत्तरं टेबलामागे उभं राहून सुचत नाहीत. ती बागेतूनच न्यावी लागतात. म्हणून आजच एक वही घाल. पेटीचा नंबर, कोणत्या कलमांचा आंबा, कधी उतरवला, आढीत, म्हणजे पिकवायला पेंढ्यात, कधी घातला, शेवटची फवारणी कसली आणि कधी, एवढं तीत लिहायचं.

"कार्बाइड घातलंय का?" हे पहिल्याच तासात कुणीतरी विचारील. "छे, एकदम नैसर्गिक" म्हणू नकोस, शेजारचा स्टॉलवालाही तेच म्हणत असतो. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, इथिलीन वायू मात्र १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) चालतो, हे माहीत असू दे. मग वही उघडून तारखा दाखव आणि पेटीतला पेंढा बाजूला कर. आढीतली सगळी फळं एका दिवशी पिकत नाहीत, चार पुढे असतात, चार मागे. घाईच्या काही पेट्या रायपनिंग चेंबरमधून, म्हणजे इथिलीनने फळ पिकवायच्या खोलीतून, आणल्या असतील तर तेही सांगून टाक. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न साक्याचा. फळ देखणं, घमघमाट सुटलेला, आणि कापलं की कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. बाहेरून तो कळत नाही, हे आपणहून आधी सांग. "आमच्यात साका निघतच नाही" हे वाक्य तोंडातून काढलंस तर दुसऱ्या दिवशी तेच गिऱ्हाईक डब्यात फोड घालून हजर होईल. कारण विचारलं तर थोडक्यात सांगता यायला हवं. फळ झाडावर जास्त तयार होऊ दिलं किंवा काढल्यावर तापलेल्या कातळावर ठेवलं की साका वाढतो. आतली कोय रुजायच्या तयारीला लागते, हेही एक कारण संशोधकांनी दाखवलंय. मग आपण काय करतो ते सांग: चौदा आणे तयार झालेला (सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार) आंबा झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट, सकाळी १० च्या आत किंवा दुपारी ४ नंतर काढतो आणि लगेच सावलीत नेतो. यातलं काही होत नसेल तर ते बोलायचं नाही. आधी बाबाला करायला लाव.

खराब फळाची भरपाई काय द्यायची ते पुण्याला निघण्याआधीच ठरवा. माझ्या मते खराब फळामागे एक फळ, डझनात तीनहून जास्त निघाली तर अख्खं डझन. कापलेल्या फोडीचा फोटो पुरे, फळ परत मागू नका. स्टॉलवर कुणी कापून दाखवायला सांगितलं तर सुरी कोयीला घासून एक गाल उतरव आणि तो आधी गिऱ्हाइकाकडे वळव. तू आधी डोकावून पाहिलंस की संशय आलाच.

"देवगडचाच ना?" तुमची बाग राजापुरात, तेव्हा "नाही, राजापूरचा" एवढंच म्हण. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर सगळे आले. तुमची नोंदणी झाली असेल तर प्रमाणपत्राची प्रत टेबलावर ठेव. कर्नाटकच्या आंब्याला मात्र नावं ठेवू नकोस, उगाच तोंडाला तोंड लागतं.

कल्टारबद्दल विचारणारा जाणकार असतो. ते पॅक्लोब्युट्राझोल, झाडाची पालवी रोखून मोहोर लवकर आणणारं औषध. जुलै-ऑगस्टमध्ये मातीतून देतात, झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला साधारण ३ मिली. किती कलमांना दिलं, ते वहीत बघून सांग. मधुमेहाचं विचारलं तर डॉक्टरांकडे पाठव, तिथे विक्री करू नकोस.

भावाचं एकच कर: फवारण्या, राखण, मजुरी, पेट्या, गाडीभाडं यांची बेरीज करून विकल्या जाणाऱ्या डझनांनी भाग. तो आकडा पाठ असला की घासाघीस कुठे थांबवायची ते कळतं.

जे येत नाही त्याला "बाबाला विचारून संध्याकाळी कळवते" म्हण, नंबर लिहून घे, आणि फोन कर. बहुतेक जण करत नाहीत.

निघायच्या आदल्या रात्री आत्याला समोर बसवून तिला एक पेटी विक. तिच्याएवढं खोदून विचारणारं पुण्यातही कुणी भेटायचं नाही.

तुझा,
काका