यंत्रे दिवसभर चालूनही माल वेळेवर का निघत नाही?

आपण लिहिले आहे की लेथ आणि व्हीएमसी (संगणक-नियंत्रित उभे मशीनिंग यंत्र) दोन्ही पाळ्यांत चालू असतात, कोणी रिकामे बसत नाही, तरी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ग्राहकाचे तगाद्याचे फोन सुरू होतात आणि शेड मात्र अर्धवट झालेल्या मालाने भरलेली असते. अशा वेळी उत्पादन नियोजनाचे सॉफ्टवेअर घ्यावे का, असा आपला प्रश्न आहे. कोल्हापूरजवळ शिरोलीला आमचे कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव धातूच्या भागांच्या, मशीनिंगचे वर्कशॉप असून तिथले नियोजन मी पाहते, आणि आपण वर्णन केलेल्या अवस्थेतून आम्ही गेलो आहोत. सॉफ्टवेअर आत्ता घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात माझा अनुभव एका प्रकारच्या कामापुरता आहे. खाद्यपदार्थ किंवा औषधांच्या कारखान्याला तो जसाच्या तसा लागू होईल, असा माझा दावा नाही.

प्रथम प्रत्येक यंत्राचा तासाचा खरा आकडा काढावा. समजा, दोन लेथ मिळून तासाला ४० नग काढतात, ड्रिलिंग-टॅपिंग करणारी एकमेव व्हीएमसी २२ काढते आणि धुलाई-तपासणी ६० नग हाताळू शकते, तर आपल्या कारखान्याची क्षमता २२ आहे. लेथ पूर्ण वेगाने चालवल्यास सात तासांच्या पाळीत १२६ नग व्हीएमसीसमोर साचतात, त्यांत कास्टिंगचा आणि मजुरीचा पैसा अडकतो, आणि डिस्पॅच एका नगानेही वाढत नाही. म्हणून लेथ काही वेळ बंद ठेवण्याची मनाची तयारी करावी लागते, आणि मालकाला हेच सर्वांत जड जाते. दुसरीकडे, व्हीएमसी जेवणाच्या सुट्टीतही थांबू नये, यासाठी तिथे बदली ऑपरेटर द्यावा आणि सदोष कास्टिंग तिच्यावर चढण्यापूर्वीच बाजूला काढावे.

साचलेल्या मालाचा हिशेबही साधा आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, आत असलेल्या नगांना रोजच्या निर्गमाने भागले की एका नगाला आत किती दिवस लागतात ते कळते. शेडमध्ये ६,००० नग असतील आणि रोज ४०० बाहेर पडत असतील, तर आज चढवलेले कास्टिंग सरासरी पंधरा दिवसांनी निघणार. तेच आतले नग २,४०० वर आणले, तर सहा दिवस. तगाद्याचे फोन कमी व्हायला हवे असतील, तर हा आकडा रोज फळ्यावर लिहावा.

सेटिंगबद्दल, म्हणजे एक काम संपवून यंत्र दुसऱ्या कामासाठी जुळवण्याबद्दल, थोडक्यात लिहिते. व्हीएमसीवर दोन तासांचे सेटिंग म्हणजे ४४ नगांचे नुकसान. लेथवर तेवढाच वेळ गेला तरी फारसे बिघडत नाही, कारण तिथे क्षमता शिल्लक आहे. फिक्स्चर (नग पकडणारा साचा), इन्सर्ट (कापणारी पाती), गेज (मापण्याचे साधन) आणि पुढच्या कामाचा प्रोग्रॅम यंत्र चालू असतानाच तयार ठेवावेत. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी टोयोटात १९६९ मध्ये १,००० टनी प्रेसचे चार तासांचे सेटिंग याच विचाराने आधी दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणले होते.

हे सर्व आपल्या हातात आहे. जे आमच्या हातात नव्हते, त्याने आमचे सर्वांत जास्त नुकसान केले, आणि त्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे. आमच्या एका मोठ्या ग्राहकाचे नियोजन कार्यालय महिन्याच्या आरंभी ईमेलने शेड्यूल पाठवी आणि मध्यावर फोनवरून ते बदलत असे. त्याच शेड्यूलवरून आम्ही फाउंड्रीला (कास्टिंग ओतणाऱ्या कारखान्याला) आगाऊ मागणी देत असू, कारण कास्टिंग काही एका दिवसात मिळत नाही. एकदा त्यांनी ड्रॉइंगमधील एका भोकाची जागा बदलली आणि जुन्या ड्रॉइंगप्रमाणे पूर्ण तयार झालेला आमचा माल जागच्या जागी निरुपयोगी ठरला. नियोजन विभागाने खरेदीकडे पाठवले, खरेदीने गुणवत्तेकडे, गुणवत्तेने पुन्हा नियोजनाकडे. आणि शेवटी आम्हाला सांगण्यात आले की शेड्यूल हा केवळ अंदाज असतो. त्याच अंदाजाप्रमाणे माल वेळेत न पोहोचल्यास मात्र दंड कापला जात होता. पुरवठादाराला बंधनकारक असलेला कागद ग्राहकाला बंधनकारक नसावा, ही गोष्ट मला आजही अत्यंत अन्यायाची वाटते.

म्हणून पहिल्या ऑर्डरच्या वेळीच तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: पुढील दोन आठवड्यांचे शेड्यूल बदलणार नाही, त्यापुढील चार आठवड्यांसाठी मागवलेल्या कच्च्या मालाची जबाबदारी ग्राहकाची राहील, आणि ड्रॉइंग बदलल्यास आधी तयार असलेला माल कोणत्या तारखेपर्यंत उचलला जाईल. आठवड्यांचे आकडे आपल्या फाउंड्रीच्या मुदतीप्रमाणे बदला. फोनवर बदल सांगितला गेल्यास त्याच दिवशी ईमेलने त्याची पोच मागावी. अशा अटींमुळे ग्राहक जाईल, ही भीती मला समजते. पण कोणतीही अट न मानणाऱ्या ग्राहकाचे काम एकूण विक्रीच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

न उचललेल्या मालालाही कायद्याचे संरक्षण आहे, असे वाटू शकते; तो गैरसमज इथे दूर करते. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना २००६ च्या कायद्याने थकबाकीबाबत संरक्षण आहे: करारातील मुदत कितीही असली तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि उशिरावर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही मासिक चक्रवाढीने, लागते. परंतु हे पुरवलेल्या मालाला लागू आहे. न उचललेला माल आपल्याच शेडमध्ये असेल, तर या तरतुदीचा उपयोग होत नाही, आणि म्हणूनच वरील लेखी अटींचे महत्त्व आहे. कास्टिंग ग्राहकाचेच असून जॉबवर्कसाठी (आपण फक्त मजुरी घेऊन काम करण्यासाठी) चलनावर आले असेल, तर जीएसटीच्या नियमाप्रमाणे त्याला ते सामान्यतः एका वर्षात परत न्यावे लागते, त्यामुळे निर्णय त्यालाच घ्यावा लागतो. शक्य तिथे मी हीच पद्धत पसंत करते. अटींचा मसुदा वकिलाला आणि कराची बाजू आपल्या सीएला दाखवावी. मी दोन्हींची तज्ज्ञ नाही.

आपल्या व्हीएमसीचा तासाचा आकडा, सेटिंगचा वेळ आणि शेडमधील आजची नगसंख्या इथे लिहिलीत, तर बॅच किती नगांची ठेवावी याचा हिशेब मी मांडून देईन.